फत्तेखेर्डा आणि एक मुकी तबकडी

गावाचे नाव बदलल्याने गाव बदलते काय? आमच्या साखरखेर्ड्याला विचारा. इ. स. १७२४ च्या ऑक्टोबरात या गावाच्या रानात निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांची गाठ पडली. मुबारिझखान मारला गेला, निजामाला जय मिळाला आणि हैदराबादच्या स्वतंत्र राज्याचा पाया येथेच घातला गेला. मराठ्यांचे साहाय्य या प्रसंगी निजामाच्या बाजूला होते. विजयाच्या आनंदात त्याने गावाचे नाव ठेवले फत्तेखेर्डा. दप्तरात ते चढले, कागदोपत्री पुष्कळ काळ चालले. पण सिंदखेड राजाच्या बाजूने येणारा वाटसरू आजही कोठला रस्ता विचारतो? साखरखेर्ड्याचाच!

ही जुनी गोष्ट मला अगदी नव्या प्रसंगाने आठवली. आमच्या घरी आजोबांच्या मोडी वह्यांचा एक रुमाल होता. देणीघेणी, पाऊसपाणी, लग्नकार्ये, शेताच्या वाटण्या, सारे त्यात. चार वर्षांपूर्वी पुतण्याने त्या सर्व पानांची छायाचित्रे काढून एका हार्ड डिस्कवर ठेविली. आम्ही निश्चिंत झालो, आणि निश्चिंतपणाचे फळ लगेच मिळाले. पुढच्याच पावसाळ्यात माळवद गळले, फडताळात वाळवी शिरली आणि रुमाल सोडला तेव्हा हाती माती आली.

यंदा ती डिस्कही मुकी झाली. संगणकाला लावावी तो नुसती कुरकुर! पुतण्या रात्रभर 'दुरुस्ती'च्या आज्ञा देत बसला. यंत्र निम्म्यावर येई आणि थबके. सकाळी डोळे चोळीत तो म्हणाला, "काका, हे काही सुधरत नाही. वह्या गेल्या समजा."

तेव्हा मला विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आठवले. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड काढला आणि पुढे खंडांची संख्या बावीसपर्यंत नेली. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास देह ठेवीपर्यंत हा पुरुष गावोगाव दप्तरे हुडकीत हिंडला. पडक्या वाड्यात शिरल्यावर वाडा दुरुस्त करण्याच्या नादी तो लागला नाही. कागद तेवढे बाहेर काढले. दुरुस्ती निराळी आणि सोडवणूक निराळी! मी पुतण्याला म्हटले, "बाबा रे, आता तिला हात लावू नकोस."

पुण्याच्या एका जाणकार गृहस्थांकडे आम्ही ती नेली. त्यांनी प्रथम आमची कानउघाडणीच केली. डिस्कच्या पोटात चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांच्यावरून केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असते. धुळीचा एक कणही तेथे धोंडा ठरतो. म्हणून डबी घरी उघडणे हा वेडेपणा. आणि दुरुस्तीची आज्ञा त्याच तबकडीवर नवे लेखन करते. ज्या जागी ते पडेल तेथले जुने कायमचे जाते. एरवी मजकूर पुसला तरी बहुधा अनुक्रमणिकेतील नोंद तेवढी जाते, मूळ मजकूर जागच्या जागी राहतो. मला फत्तेखेर्डा आठवला. निजामाने नोंद बदलली, लोकांच्या जिभेवरचे लेखन त्याला पुसता आले नाही!

मग त्यांनी तबकडीची कणाकणाने नक्कल घेतली. सहज वाचता येणारा भाग आधी, अवघड भाग मागाहून, पुनःपुन्हा. पुढचे सारे काम नकलेवर. अनुक्रमणिका तर नष्टच होती. तरीही प्रत्येक छायाचित्राच्या आरंभी एक ठराविक खूण असते आणि शेवटी दुसरी. त्या खुणा धरून चित्रे निवडून काढावयाची. वाचकहो, सुट्या मोडी पत्रांच्या ढिगात संशोधक याहून वेगळे काय करतो? वर 'श्री', खाली 'मोर्तब सूद', मधला मजकूर एका पत्राचा!

त्याच गृहस्थांनी एक हकीकत सांगितली. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती यांच्यासह 'कोलंबिया' हे यान आकाशात भंगले. त्याच्या अवशेषांत एक जळकी डिस्क सापडली. अमेरिकेतील तज्ज्ञांनी तिच्यातील सुमारे नव्याण्णव टक्के मजकूर काढला आणि झेनॉन वायूवरील त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. माणसे गेली, त्यांचे काम वाया गेले नाही.

आमचे भाग्य एवढे थोर नव्हते. पाने बहुतेक मिळाली, पण नावे आणि क्रम हरपलेला. काही पाने अर्धी, खाली राखेसारखा करडा पट्टा. एक वाटणीपत्र असे निघाले की, कोणाला काय द्यावयाचे ते आहे आणि ज्याच्या नावे द्यावयाचे ते करड्यात बुडाले आहे. गेल्या आठवड्यापासून पुतण्या आणि मी शक-मिती पाहून पाने लावीत आहोत. पोरगा आता मोडी 'श्री' ओळखू लागला आहे. वह्या शाबूत असत्या तर तो त्यांना कधी शिवला असता की नाही, देव जाणे.

यंदा लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी तीन प्रती मांडणार आहोत: एक साखरखेर्ड्याची, एक पुण्याची आणि एक कागदावर छापलेली. जुनी मुकी डिस्कही पाटावर ठेवू. हळदकुंकवाची ती धनीण आहे. फक्त अक्षता जरा बेताने टाकू!