बांधकामावरील धारणाधिकार : अमेरिकेतील काउंटी दप्तरांचा एक इतिहास (१७९१–१९७६)

प्रस्तावना

शिंप्याची शिलाई थकली तर तो कपडा आपल्यापाशी ठेवून घेऊ शकतो. लोहाराला दुरुस्तीस आलेले अवजार अडवून धरता येते. गवंड्याला मात्र ही सोय नाही. त्याने रचलेली वीट, ओतलेला चुना आणि घातलेले श्रम दुसऱ्याच्या जमिनीत मिसळून जातात आणि काम पूर्ण होताच त्याच्या हातून निसटतात. इंग्रजी कॉमन लॉने धारणाधिकार मान्य केला तो ताब्यावर आधारलेला. साहजिकच तो जंगम वस्तूंपुरता मर्यादित राहिला. हेच तत्त्व भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० मध्ये उतरले. रोमन कायद्याने इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी पैसा देणाऱ्याला त्या इमारतीवर गहाणहक्क दिला होता आणि १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेने वास्तुविशारद, कंत्राटदार व गवंडी यांचा अग्रहक्क मान्य केला होता. इंग्रजी परंपरेत वाढलेल्या अमेरिकेने कॉमन लॉमध्ये नसलेला असाच हक्क स्वतंत्र कायदे करून निर्माण केला. हा हक्क ताब्यावर नव्हे तर सरकारी दप्तरातील नोंदीवर कसा उभा राहिला आणि त्या नोंदीच्या सामर्थ्यामुळेच त्याची घटनात्मक परीक्षा कशी झाली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे.

वॉशिंग्टन शहर आणि १७९१ चा कायदा

१७९० च्या रेसिडेन्स ॲक्टनुसार अमेरिकेची राजधानी पोटोमॅक नदीकाठी वसवण्याचे ठरले आणि १८०० च्या डिसेंबरपर्यंत शासनाने तेथे स्थलांतर करावे असा दंडक घालण्यात आला. भूखंडांची विक्री करून त्या पैशातून सार्वजनिक इमारती बांधाव्यात अशी योजना होती. परंतु ओसाड जागी खाजगी घरे बांधण्यास कसबी कारागीर पुढे येणार कसे, हा प्रश्न होता. घरमालकाने पैसे बुडवले तर कारागिरापाशी त्याच्यावर साधा दावा लावण्यापलीकडे काही उपाय नव्हता.

राजधानीसाठी नेमलेल्या आयुक्तांच्या बैठकीत थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन उपस्थित होते. बांधकाम करणाऱ्यांना घरावर व त्याखालील जमिनीवर हक्क द्यावा, अशी विनंती मेरीलँडच्या विधिमंडळास करण्यात आली. त्यानुसार १९ डिसेंबर १७९१ रोजी संमत झालेल्या अधिनियमात तशी तरतूद करण्यात आली. मात्र ती दोन अटींनी बांधलेली होती : करार लेखी असावा आणि तो खतनोंदणीच्या दप्तरात मुदतीत नोंदवलेला असावा. अशा रीतीने प्रत्यक्ष ताब्याची जागा नोंदवहीने घेतली.

या तरतुदीची मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. संरक्षण मिळाले ते लेखी करार करू शकणाऱ्या मुख्य बांधकामकर्त्यास. त्याच्या हाताखालचा मजूर त्यात नव्हता. त्याच शहरातील कॅपिटॉल आणि राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान उभारताना गुलाम कामगारही भाड्याने घेण्यात आले आणि त्यांच्या श्रमाचा मोबदला त्यांच्या मालकांच्या हाती गेला. श्रमाला मालमत्तेवर हक्क देणारा कायदा आणि श्रमिकालाच मालमत्ता मानणारी व्यवस्था एकाच भूमीवर नांदत होत्या.

दोन पद्धती

पेनसिल्वेनियाने १८०३ मध्ये फिलाडेल्फिया व लगतच्या भागासाठी कायदा करून हा हक्क विस्तारला. त्यात वीटभट्टीवाले, गवंडी, सुतार, रंगारी, लोहार यांच्याबरोबरच चुना व लाकूड विकणारे व्यापारीही आले. न्यूयॉर्कमध्ये १८३० साली शहरापुरता कायदा झाला. टेक्सासने १८७६ च्या आणि कॅलिफोर्नियाने १८७९ च्या राज्यघटनेतच या हक्काला स्थान दिले.

या विस्तारातून उपकंत्राटदाराचा प्रश्न उभा राहिला. मालकाने मुख्य कंत्राटदारास पूर्ण रक्कम दिली, पण कंत्राटदाराने ती पुढे पोचवली नाही, तर नुकसान कोणी सोसावे? याची दोन उत्तरे पुढे आली. ‘पेनसिल्वेनिया पद्धती’त उपकंत्राटदाराचा हक्क थेट मालमत्तेवर होता, त्यामुळे मालकावर एकाच कामाचे पैसे दोनदा भरण्याची पाळी येऊ शकत असे. ‘न्यूयॉर्क पद्धती’त हा हक्क मालकाकडून मुख्य कंत्राटदारास येणे असलेल्या रकमेपुरताच मर्यादित राहिला. १९३२ मध्ये सर्व राज्यांसाठी एकरूप कायद्याचा मसुदा तयार करण्यात आला. पण राज्यांनी त्याला फारसा प्रतिसाद दिला नाही आणि १९४३ मध्ये तो मागे घेण्यात आला.

सार्वजनिक इमारतींना हा हक्क लागू होत नाही. सरकारी मालमत्तेचा लिलाव होऊ शकत नाही. त्यामुळे संघराज्याच्या बांधकामांसाठी १८९४ च्या हर्ड ॲक्टने व त्याच्या जागी आलेल्या १९३५ च्या मिलर ॲक्टने कंत्राटदाराकडून हमीपत्र घेण्याची पद्धत रूढ केली.

दप्तरातील नोंद आणि मुदत

काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा. न्यूयॉर्कमध्ये हक्काची नोटीस काउंटी क्लार्ककडे दाखल करावी लागते. त्यासाठी काम संपल्यापासून आठ महिन्यांची, तर एका कुटुंबाच्या घराबाबत चार महिन्यांची मुदत आहे. पेनसिल्वेनियात दावापत्र काउंटी न्यायालयाच्या प्रोथोनोटरीकडे सहा महिन्यांत जाते. (मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेमुळे हे पदनाम महाराष्ट्रालाही परिचित आहे.) मुदत टळली की येणे कायम राहते, परंतु मालमत्तेवरील हक्क नष्ट होतो.

अशी नोंद झाल्यावर मालकाच्या ताब्याला धक्का लागत नाही. पण सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढल्यावर जे होते, तेच येथे घडते : खरेदीदार कचरतो आणि बँक कर्ज देण्यास राजी होत नाही. गवंड्याच्या एका कागदाला हे बळ मिळाले, ते दप्तरामुळेच.

१९७६ : घटनात्मक कसोटी

या बळाची दुसरी बाजू अशी की दावा खोटा वा फुगवलेला असला तरी मालकाची मालमत्ता तेवढीच अडकते. मालकाचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच त्याच्या हक्कावर बोजा चढवणे चौदाव्या घटनादुरुस्तीतील ‘योग्य कायदेशीर प्रक्रिये’च्या हमीशी सुसंगत आहे काय, असा प्रश्न १९७० च्या दशकात न्यायालयांपुढे आला.

‘बॅरी प्रॉपर्टीज विरुद्ध फिक ब्रदर्स रूफिंग कंपनी’ या खटल्यात १९७६ साली मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायपीठाने सूचना व सुनावणीविना हा हक्क जडणे घटनाबाह्य ठरवले. जेथे या कायद्याचा जन्म झाला, तेथेच त्याचे जुने रूप संपुष्टात आले. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती झाली. आता मेरीलँडमध्ये काम संपल्यापासून १८० दिवसांत सर्किट न्यायालयात अर्ज करावा लागतो, मालकास म्हणणे मांडण्याची संधी मिळते आणि न्यायालयाच्या आदेशानेच हक्क प्रस्थापित होतो. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉनोली डेव्हलपमेंट’ खटल्यात नेमका उलट निर्णय दिला. मालकाच्या हक्काला बाधा पोचते हे मान्य करूनही, कारागीर व माल पुरवठादार यांच्या संरक्षणाचे पारडे त्या न्यायालयाला जड वाटले.

निष्कर्ष

वरील विवेचनातून असे दिसते की, धारणाधिकाराचा हा इतिहास श्रमिक विरुद्ध मालक एवढ्यापुरता मर्यादित नाही. सुनावणी होईपर्यंतचा धोका कोणी पत्करायचा, हा त्यातील मूळ प्रश्न आहे. १७९१ च्या व्यवस्थेने तो मालकावर टाकला आणि १९७६ च्या मेरीलँडने त्यातील काही भाग पुन्हा कारागिराकडे वळवला. कारण अर्ज, सुनावणी आणि वकील यांचा खर्च मोठ्या कंत्राटदारास परवडतो, एकट्या गवंड्यास क्वचितच. भारतीय कायद्याने तर बांधणाऱ्याला इमारतीवर असा हक्क दिलेलाच नाही. सातबाऱ्यावर बँकेचा आणि सोसायटीचा बोजा चढतो. घर बांधणाऱ्याचे येणे मात्र कोणत्याही रकान्यात नोंदले जात नाही. नोंद कोणाची होते आणि कोणाची होत नाही, यावरूनच कोणत्याही समाजातील श्रमाचे कायदेशीर मोल ठरत असते.