समंध, लिच आणि बलाढ्य खलनायकाची घडण

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांच्या साहाय्याने खेळावयाच्या कल्पनारम्य रोल-प्लेइंग खेळांत, मेल्यानंतरही वावरणाऱ्या शत्रूंना मानाचे स्थान आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या पुरवणीतून 'लिच' अवतरला. लिच म्हणजे मरण टाळण्यासाठी आपला प्राण एखाद्या पेटीत दडवून ठेवणारा मांत्रिक. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही युक्ती नवी वाटू नये.

शत्रू बलाढ्य करावयाचा म्हणजे त्याचे हिट पॉइंट वाढवावयाचे, अशी नवख्या सूत्रधाराची समजूत असते. त्यामुळे लढाई केवळ लांबते. खरी अडचण पाळीची असते. चार-पाच खेळाडूंच्या तेवढ्याच चाली होतात, तेव्हा एकट्या शत्रूच्या वाट्याला एकच चाल येते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने यावर 'लेजंडरी अ‍ॅक्शन'चा तोडगा काढला. इतरांची पाळी संपताच अशा शत्रूला जादा हालचाल करता येते. त्या आवृत्तीतील लिचचे हिट पॉइंट अवघे १३५ आहेत. मात्र पेटी शाबूत असेल, तर एक ते दहा दिवसांत तो नवा देह धारण करतो. जुन्या आवृत्त्यांत काही मृतात्म्यांच्या स्पर्शाने खेळाडूने महिनोन् महिने खेळून कमावलेली पातळीच उतरत असे. तलवारीच्या घावापेक्षा खेळाडू त्यालाच अधिक भीत.

मराठी लोकसमजुती याही पुढे जातात. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची १९०९ मध्ये हत्या झाली. त्यांनी जमविलेल्या लोकसाहित्याच्या आधारे एन्थोव्हेन यांनी १९१५ मध्ये कोकणावरील खंड सिद्ध केला. त्यातील भुतांची यादी वाचनीय आहे. तेथे भूत कसे दिसते यापेक्षा माणूस कसा मेला, याला महत्त्व आहे. सोडमुंजीपूर्वी गेलेला बटू मुंजा होऊन पिंपळावर राहतो, बाळंतपणात गेलेली स्त्री हडळ होते, तर धनात वासना अडकलेला निपुत्रिक समंध होऊन ठेव्यावर बसतो. बळ आणि मर्मस्थान ही दोन्ही एकाच अतृप्तीतून येतात. शत्रू रचणाऱ्याने उचलावी अशी गोष्ट हीच.

उचलताना तारतम्य मात्र हवे. वेताळ भुतांचा राजा खरा, पण गोव्यात आमोणे, लोलये येथे तो पूजला जाणारा देव आहे. चेटकीण ठरवून जिवंत स्त्रियांचा छळ झाला आहे. हडळीमागेही वैद्यकीय मदतीवाचून गेलेली कोणाची तरी लेक असते. तिला नुसते मारण्याजोगे सोंग करणे हा कल्पनेचा आळस होय.

सोलापूरच्या खेळाडूंना समंधासाठी दूर जावे लागणार नाही. सिद्धेश्वर तलावालगतचा भुईकोट किल्ला निजामशाही व आदिलशाही यांच्यातील वादाचा विषय होता. चांदबिबीच्या विवाहात तो आंदण म्हणून विजापूरकडे गेला. त्या हस्तांतरात हिशेब अपुरा राहिलेला एक खजिनदार कल्पावा. किल्ल्यातून कोणी नाणे उचलले, की तो त्याच्या मोबदल्यात उचलणाऱ्याची एक आठवण वसूल करतो. आईचे नाव, शिकलेला मंत्र, घरची वाट, काहीही. त्याला तोडले तरी पुढच्या अमावास्येला तो पुन्हा आपल्या कीर्द-खतावणीपाशी बसलेला असतो. वही जाळली, तर वसूल झालेल्या आठवणीही कायमच्या जातात. जमाखर्चाचा मेळ घालून कोणी आपल्या नावाने ठेव्याची पावती दिली, तरच तो सुटतो. पण पावती देणाऱ्यावर ठेव्याची राखण येते.

ही अट खेळाडूंना आधी कळण्याची सोय हवी. बुरुजाखाली स्वतःचेच नाव विसरलेला चोर भेटावा, खंदकात फाटके पान सापडावे, आणि रात्री तटावरून आकडे मोजण्याचा आवाज यावा. तीनपैकी दोन खुणा खेळाडूंच्या नजरेतून निसटतीलच, हे सूत्रधाराने गृहीत धरावे.