मोर्चाला एक, मताला दुसरा

निवडणुकीचा निकाल लागला की शहरातल्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं: या लोकांनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. बिलं थकवणाऱ्यालाच ऊसवाल्यांनी निवडून दिलं, धरणात जमीन गेलेल्यांनी धरण आणणाऱ्यालाच मत दिलं, असा तो सूर असतो. अमेरिकेत थॉमस फ्रँक यांनी 2004 साली कॅन्सस राज्यातल्या मतदारांबद्दल याच प्रश्नावर पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. प्रश्न मात्र त्याहून बराच जुना आहे. 1848 च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या लहान शेतकऱ्यांनी प्रजासत्ताकवाद्यांना डावलून लुई नेपोलियनला भरभरून मतं दिली, तेव्हापासून त्यांना अडाणी ठरवलं गेलं. त्याच वर्षी प्रजासत्ताकाच्या हंगामी सरकारने प्रत्यक्ष करांवर दर फ्रँकमागे 45 सेंतिमचा अधिभार लादला होता, आणि तो शेतकऱ्याच्याच डोक्यावर बसला होता, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरले. मतदाराचं हित कोणतं हे आपण आधीच ठरवून टाकतो आणि मग तो त्याविरुद्ध गेला म्हणून हळहळतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या आजरा तालुक्याचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास या हळहळीला चांगलं उत्तर देतो.

आजऱ्याचं पोट कधीच एका ठिकाणी भरलं नाही. आंबोलीजवळ उगम पावणारी हिरण्यकेशी इथून वाहते, पाऊस उदंड पडतो, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण डोंगरउताराच्या तुकड्यांवर पिकणारं भात आणि नाचणी वाढत्या कुटुंबाला वर्षभर पुरत नसे. संस्थानी काळात आजरा इचलकरंजीच्या घोरपड्यांच्या जहागिरीत होतं आणि ती जहागीर कोल्हापूर दरबाराच्या अंकित. म्हणजे रयतेच्या डोक्यावर दोन मालक, आणि दोन्ही कचेऱ्या लांब. काम करून घ्यायचं तर ओळखीचा माणूस गाठायचा, ही सवय इथे मतदानाच्या हक्कापेक्षा जुनी आहे. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, पण आजऱ्याची माणसं त्याच्या कितीतरी आधी मुंबईत विलीन झाली होती. घरातला एक भाऊ शेती बघायचा, दुसरा परळ-लालबागच्या गिरणीत जायचा. तिथे गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर करायची. गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचा हप्ता, बैलाची किंमत, बहिणीचं लग्न या पैशातून निघायचं. इथे हिताचा हिशेब माणसाचा नसतो, घराचा असतो, आणि ते घर दोन गावांत पसरलेलं असतं.

हे ध्यानात घेतलं की 1957 ची निवडणूक वेगळी दिसू लागते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ म्हणजे भाषेची अस्मिता, पोटापाण्याशी तिचा संबंध नाही, असं सांगितलं जातं. पण 16 जानेवारी 1956 ला पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचं जाहीर केलं, तेव्हा आजऱ्यासारख्या तालुक्याच्या दृष्टीने घराची अर्धी चूलच परक्या अमलाखाली जाणार होती. 1957 मध्ये कोल्हापूर हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. त्यातली एक जागा शेतकरी कामगार पक्षाच्या भाऊसाहेब महागावकरांना मिळाली, दुसरी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला. दोन्ही पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीतले. पाच वर्षांनी, मुंबईसह महाराष्ट्र झाल्यावर, याच कोल्हापूरने काँग्रेसचे व्ही. टी. पाटील निवडले आणि राज्यात काँग्रेसला 264 पैकी 215 जागा मिळाल्या. गरीब शेतकऱ्याने आपला पक्ष सोडून सत्ताधाऱ्यांचा पदर धरला, असा ठपका तेव्हाही ठेवला गेला. पण मधल्या काळात 1960 चा सहकारी संस्था कायदा आणि 1961 चा जिल्हा परिषद कायदा झाला होता. कर्ज, खत, रस्ता, शाळा यांच्या चाव्या जिल्ह्यात येऊ घातल्या होत्या, आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात त्या कोणाच्या हाती जाणार हे स्पष्ट होतं. मुंबई मिळाली होती. आता दार उघडणारा हवा होता. मतदाराचा कल बदलला, हिशेब बदलला नाही.

सर्वांत बोलकं वर्ष 1984 चं. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. संप लांबला तसे कोकणातले आणि घाटावरचे कामगार गावाकडे परतले. कणगीतलं भात हाच त्यांचा संपनिधी होता. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली काँग्रेसशी जोडलेला राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच मान्यताप्राप्त संघटना होती, आणि काँग्रेस सरकारने ती चौकट सोडली नाही. संप कधी मागे घेतला गेला नाही, पण मोडला. मग इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेत गिरणगावातल्या मुंबई दक्षिण मध्यने दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवलं, आणि त्याच निवडणुकीत कोल्हापूरने काँग्रेसचे उदयसिंगराव गायकवाड निवडले. निकाल मतदारसंघाचे असतात, घरांचे नव्हेत. कोणी कुठे शिक्का मारला हे त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही ज्या प्रदेशाचा कामगार संपात होरपळला, तो संप मोडणाऱ्या पक्षावर उलटला नाही, एवढं तरी दिसतंच. याला विस्मरण म्हणता येत नाही, कारण आजरा, चंदगड, गडहिंग्लज भागात गिरणी कामगारांचे आणि वारसांचे घरांसाठीचे मेळावे त्यानंतरही दशकानुदशकं भरत राहिले. राग शाबूत होता, फक्त तो गावातल्या मतपेटीत उतरला नाही. गिरणीचा पगार थांबल्यावर घर जगवायचं होतं शेतीनेच, आणि पीककर्ज द्यायचं की नाही हे सोसायटीत ठरत होतं.

ऊस आल्यावर ही गाठ आणखी घट्ट झाली. तुटलेल्या उसाचे पैसे कायद्याने 14 दिवसांत द्यायचे असतात, 2009 पासून एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दरही, ठरलेला आहे. दर थोडा कमी मिळाला तर शेतकऱ्याचं नुकसान होतं. ऊस वेळेत तुटलाच नाही तर हंगाम हातचा जातो. डिसेंबरात तयार झालेला ऊस मार्चपर्यंत उभा राहिला की तुरे येतात, वजन घटतं, खोडव्याला उशीर होतो, आणि शेवटी मुकादम टोळी आणायला वरकड पैसे मागतो. म्हणून तोडीच्या यादीत आपला गट कुठे आहे, ही दराइतकीच मोठी बाब ठरते. त्यात सोसायटीची वसुली उसाच्या बिलातूनच कापली जाते, म्हणजे साखर कारखाना आणि कर्ज एकाच दोरीने बांधलेले. बिल उशिरा देणाऱ्या संचालकाला मत देणारा सभासद दराकडे दुर्लक्ष करत नाही. दर सगळ्यांना सारखाच मिळणार आहे, तोड मात्र ज्याची त्याची आहे, हे तो जाणतो. शंभर टनवाल्याला वाट बघणं परवडतं, वीस टनवाल्याला नाही. त्यामुळे गरिबाचंच मत जास्त बांधलेलं असतं.

मग हिताची मागणी करायची कुठे? रस्त्यावर. मतमोजणीत डोकी मोजली जातात, गरज किती तीव्र आहे ते मोजलं जात नाही. तालुक्यातल्या उचंगी प्रकल्पाचं उदाहरण घ्या. बुडणारी गावं थोडी, पाणी मिळणारी जास्त. वरच्या गावाने एकगठ्ठा मत दिलं तरी खालच्या गावांपुढे ते कमीच पडणार. त्या धरणग्रस्तांनी श्रमिक मुक्ती दल या संघटनेच्या साथीने वर्षानुवर्षं काम रोखलं, बुडित क्षेत्र कमी करणारी पर्यायी मांडणी पुढे आणली, आधी पुनर्वसन मग धरण हा आग्रह धरला. मतपेटीतून यातलं काही मिळालं नसतं. उसाच्या पट्ट्यातही हेच. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत शेतकरी नेते राजू शेट्टी दराची मागणी करतात, तिचा फायदा त्यांना मत न देणाऱ्यालाही मिळतो. हातकणंगल्याने त्यांना 2009 आणि 2014 मध्ये खासदार केलं, 2019 आणि 2024 मध्ये पाडलं. आंदोलनाची गर्दी मात्र निकालावर अवलंबून राहिली नाही. मोर्चाला एक आणि मताला दुसरा, ही कामाची वाटणी आहे. तिच्यातला फक्त मतदानाचा अर्धा भाग पाहणाऱ्याला ती वेडगळ वाटते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की अस्मितेच्या मतांना हा हिशेब लागू होत नाही. 1970 साली परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीविरुद्ध शिवसेनेचे वामनराव महाडिक जिंकले, तेही गिरणगावात, जिथे पगारवाढीसाठी लाल बावटाच लढत आला होता. इथे अस्मितेचा वाटा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण युनियन गिरणीच्या फाटकापर्यंत पोचत होती. नळ, दवाखाना, पोराची नोकरी यांसाठी गल्लीतली शाखा जवळची होती. अस्मितेलाही उघडं दार लागतं, नाहीतर ती घोषणेपलीकडे टिकत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: असं समजावून सांगणं म्हणजे मिंधेपणाला शहाणपणाचं नाव देणं नव्हे का? एका घरापुरतं जे शहाणपण, ते तालुक्यापुरतं नुकसान असू शकतं, हे मान्यच करावं लागेल. मोर्चातली माणसं मताला येत नाहीत हे उमेदवाराला पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्याचं आश्वासन स्वस्त होतं. पण याचा दोष मतदाराच्या अडाणीपणावर ढकलला की खरं कारण निसटतं.

खरं कारण रचनेत आहे. 2008 च्या पुनर्रचनेपासून आजरा तालुका विधानसभेसाठी विभागलेला आहे: आजरा शहर राधानगरीत, उत्तूरचा भाग कागलमध्ये. एकाही आमदाराच्या मतांच्या गणितात हा तालुका अख्खा येत नाही, मग तालुक्याचा एकत्रित प्रश्न निवडणुकीत उभा राहणार कसा? तोडीचा क्रम लागणीच्या तारखेने उघडपणे लागला, कर्जासाठी संचालकाचा शब्द लागेनासा झाला, पुनर्वसन मागे न लागता वेळेत झालं, तर दार उघडणाऱ्याची गरज कमी होईल, आणि तेवढ्या प्रमाणात मत दरासाठी, पाण्यासाठी, रोजगारासाठी मोकळं होईल. तोवर आजऱ्याच्या मतदाराला हिताचे धडे देण्यात अर्थ नाही. आपलं हित त्याला कळतं. ते मताने मागितलं तर काय गमवावं लागेल, तेही कळतं.