आपली बंडी म्हणजे आठ कार!



आमची आंजी (मोठी) वर्धा-आर्वी रस्त्यावर. कापसाच्या दिवसांत पुढे बंडी असली की मागचा कारवाला हॉर्न वाजवून डोकं उठवतो. त्याच्या मते जाम लागते ती बंडीमुळेच. गंमत म्हणजे रस्ते मोजणाऱ्यांच्या हिशेबातही तसंच लिहिलेलं आहे.

गर्दी मोजायचं शास्त्र तसं नवंच. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायोत ब्रूस ग्रीनशील्ड्स या इंजिनिअरने रस्त्याकडेला सिनेमाचा कॅमेरा लावला. दोन फोटोंमध्ये गाडी किती सरकली यावरून वेग काढला. त्यातून दिसलं की गाड्या दाटल्या की वेग घटतो, आणि एका मर्यादेपलीकडे रस्ता भरलेला असूनही तासाला पुढे जाणाऱ्या गाड्या कमी होतात. शहरांतल्या फ्रीवेची कोंडी आजही वेग, दाटी आणि तासाला जाणाऱ्या गाड्या यांवरूनच मोजतात.

तिकडे बहुतेक कारच. आपल्याकडे कार, एसटी, सायकल, बंडी सगळं एकाच रस्त्यावर. मग मोजायचं कसं? बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या समितीच्या शिफारशीतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. तिने सगळ्या वाहनांना कारच्या मापात बसवलं. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या १९९० च्या तक्त्यात कार १, मोटारसायकल अर्धी, बस-ट्रक ३, ट्रॉलीवाला ट्रॅक्टर साडेचार आणि बैलबंडी ८! लहान बंडी असेल तर ६.

हिशेब खोटा नाही. बंडी हळू चालते, मागच्यांना अडवते, तेवढंच तो आकडा सांगतो. पण त्यात माणसं कुठे आहेत? एसटीत ५० जण बसले तरी ती ३ कारइतकीच. आणि तीन कारमध्ये एकेकच माणूस असला तरी त्याही ३.

रस्ता किती रुंद करायचा, उड्डाणपूल कुठे बांधायचा, हे अशाच आकड्यांवर ठरतं. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. तिथे दुचाकी आणि ट्रॅक्टरला मनाई आहे. वेगाच्या रस्त्यावर ते ठीकच. पण मग शेतकऱ्याला उरतो तो हाच जुना रस्ता, आणि इथेही त्याची गणती अडथळा म्हणूनच होणार असेल तर त्याने जायचं कुठून?

उद्या आपल्या रस्त्यावर मोजणीवाले वही घेऊन बसलेले दिसले, तर एवढंच विचारा: भाऊ, गाड्या मोजून राहिले का माणसं?