किताब आणि सन्मान : अनुच्छेद १८ ची मर्यादारेषा

ब्रिटिश अमदानीत ‘रावसाहेब’, ‘रावबहादूर’, ‘सर’ हे किताब निव्वळ गौरवचिन्हे नव्हते. किताब नावाला जोडला जाई आणि त्यावरून दरबारातील स्थान ठरे. म्हणूनच गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१४ मध्ये नाकारलेला ‘के.सी.आय.ई.’ किंवा जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यागलेला ‘सर’ हा किताब यांना राजकीय अर्थ प्राप्त झाला. १९२० च्या असहकाराच्या कार्यक्रमातही किताबांचा त्याग समाविष्ट होता.

या अनुभवाची छाया संविधान सभेवर होती. १९४७ च्या मूळ कलमात केवळ वंशपरंपरागत किताबांना मनाई होती. मिनू मसानी यांच्या दुरुस्तीने ती सर्व किताबांपर्यंत विस्तारली. पुढे सेना व विद्याविषयक मानविशेषांचा अपवाद जोडण्यात आला. किताब न स्वीकारणे हा हक्क नसून नागरिकाचे कर्तव्य आहे, असे डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये स्पष्ट केले.

तथापि २ जानेवारी १९५४ रोजी शासनाने ‘भारतरत्न’ आणि तीन वर्गांतील ‘पद्मविभूषण’ सुरू केले. पुढील वर्षी या वर्गांना पद्मविभूषण, पद्मभूषण व पद्मश्री ही नावे मिळाली. हे सन्मान मागील दाराने आलेले किताबच होत, हा आक्षेप टिकून राहिला. आचार्य कृपलानी यांनी १९६९ मध्ये ते रद्द करण्यासाठी लोकसभेत विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. जनता सरकारने १९७७ मध्ये सन्मान बंद केले. १९८० मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

१९९२ मध्ये केरळ उच्च न्यायालयात आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे त्यांना आव्हान दिले गेले. बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निर्णय दिला. अनुच्छेद १८ चा रोख सरंजामी श्रेष्ठत्वाच्या किताबांवर आहे. गुणवत्तेची दखल घेणे समतेला बाधक नाही. मात्र सन्मान नावाच्या आधी वा नंतर जोडता कामा नये, जोडल्यास तो गमवावा लागेल, असे न्यायालयाने बजावले. निवडीला सुस्पष्ट निकष नसल्याबद्दल न्या. कुलदीप सिंग यांनी स्वतंत्र निकालपत्रात टीका केली.

ही मर्यादारेषा पांडुरंग वामन काणे यांच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. ब्रिटिश राजवटीतील ‘महामहोपाध्याय’ ही पदवी त्यांच्या नावाचाच भाग बनली. १९६३ चे ‘भारतरत्न’ मात्र नावापासून अलग राहणेच संविधानाला अभिप्रेत आहे. किताब व्यक्तीला इतरांहून वरच्या पायरीवर बसवतो, सन्मान तिच्या कार्याची नोंद करतो. न्यायालयाने हा भेद नावापाशी आणून ठेवला. परिणामी त्याचे रक्षण केवळ शासनाच्या हाती उरले नाही. निमंत्रणपत्रिकेवर आणि व्यासपीठावर ‘पद्मश्री अमुक’ असा उल्लेख होतो, तेव्हा ती रेषा समाजच पुसत असतो. आंबेडकरांनी सांगितलेल्या कर्तव्याचा खरा अर्थ येथे उमगतो.