निकोलाय खार्जिएव यांचें दप्तर

कागद जपणाराच्या हातून कागदाचें रक्षण होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच हातून कधीं कधीं दप्तर फुटतें, हें फारसें कोणी बोलत नाहीं. म्हणून रशियांतील 'आवाँगार्द' नामक नवकलेचे संग्राहक व अभ्यासक निकोलाय खार्जिएव यांचा वृत्तांत येथें देत आहों.

यांचा जन्म १९०३ सालीं काखोव्का येथें झाला. ओडेसा येथें कायद्याचें अध्ययन करून ते मॉस्कोस आले. तेथें मालेविच, तात्लिन इत्यादि चित्रकारांशीं व क्रुचोनिख कवीशीं त्यांचा स्नेह जडला. १९३२ सालीं सोव्हिएट सरकारनें स्वतंत्र कलामंडळें बरखास्त केलीं, आणि पुढें ह्या पंथाचीं चित्रें बाळगणेंही धोक्याचें झालें. त्या दिवसांत खार्जिएव यांनीं चित्रें, पत्रें व हस्तलिखितें जमविलीं. नुसत्या संग्रहावर ते थांबले नाहींत. १९२२ सालीं वारलेल्या ख्लेब्निकोव्ह कवीचें अप्रकाशित लेखन त्यांनीं ग्रित्स यांच्यासह १९४० सालीं छापिलें. १९७६ सालीं स्टॉकहोम येथें निघालेल्या ग्रंथांत त्यांनीं मालेविच यांचें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें.

मांदेलश्ताम कवीच्या १९७३ च्या आवृत्तीचा पाठही त्यांनींच सिद्ध केला. त्यासाठीं कवीच्या पत्नीनें हस्तलिखितें त्यांच्या स्वाधीन केलीं होतीं; तीं सर्व परत आलीं नाहींत, असा आरोप तिनें पुढें आपल्या आठवणींत केला. त्याचा निवाडा करण्यास आम्ही धजत नाहीं. तथापि देवघेवीच्या वेळीं उभयतांच्या सहीची याद करणें किती अगत्याचें आहे, हें ह्यावरून उघड होतें.

१९९३ सालीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, खार्जिएव पत्नी लिदिया चागा यांच्यासह ॲम्स्टरडॅमला गेले. संग्रह परवान्यावांचून बाहेर काढण्यांत आला. १९९४ च्या फेब्रुवारींत मॉस्कोच्या विमानतळावर जकातवाल्यांनीं त्यांतील कांहीं कागद पकडले, आणि दप्तराचे दोन तुकडे झाले. बाईंचा अंत १९९५ त व खार्जिएव यांचा १९९६ त झाला. ॲम्स्टरडॅम येथील कागद २०११ सालीं मॉस्कोच्या सरकारी साहित्य-दप्तरखान्यांत आले. चित्रें मात्र तिकडेच राहिलीं.

खार्जिएव यांनीं सरकारच्या धाकांतून जें वांचविलें, त्याचें मोल कमी लेखणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु चित्र एका देशीं व त्याविषयींचें पत्र दुसऱ्या देशीं राहिलें, म्हणजे एकाची साक्ष दुसऱ्यास पटविणें कठीण होतें. संग्राहकानें आपल्या पश्चात् दप्तर कोठें व कोणत्या अटीनें राहील, हें हयातींतच उघडपणें ठरवावें, असें आम्हांस वाटतें.