किल्लेकोट करण्याचा निर्णय (बुद्धिबळ)

किल्लेकोट करण्याचा निर्णय : राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्याची किल्लेकोट किंवा कॅसलिंग ही सवलत केव्हा, कोणत्या बाजूला वापरावी आणि मुळात वापरावी का, याचा बुद्धिबळपटूने करावयाचा विचार. राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकतो व हत्ती त्याला ओलांडून लगतच्या घरात बसतो. दोघेही आधी हललेले नसावेत, मधली घरे मोकळी असावीत, राजाला शह नसावा आणि त्याच्या वाटेतल्या व मुक्कामाच्या घरावर मारा नसावा. हत्तीवर मारा असला तरी हरकत नाही. १९७४ मध्ये मॉस्कोत कार्पोव्हविरुद्धच्या २१व्या डावात कोर्चनॉयसारख्या मुरलेल्या खेळाडूनेही पंचांना हे विचारून मगच किल्लेकोट केला, आणि डाव जिंकला. जुन्या देशी बुद्धिबळात ही चाल नव्हती. शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची अडीच घरांची चाल मिळे.

नवशिक्यांना ‘लवकर किल्लेकोट करा’ असे सांगतात. मधली प्यादी मारली जाऊन पटाचा मध्य उघडणार असेल, तर हा सल्ला चोख आहे. मात्र त्यात राजाच्या सुरक्षिततेवरच भर असतो, हत्तीचा फायदा झाकला जातो. १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात मॉर्फीने खेळलेला डाव पाहावा. बाराव्या खेळीला त्याने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला आणि हत्ती थेट वजिराच्या मोकळ्या पट्टीवर आला. काळ्याचा राजा अजून मूळ घरातच होता. त्याच्यापुढचा घोडा जखडलेला, उंट व दुसरा हत्ती जागचे हललेले नव्हते. पहिल्या हत्तीचा बळी देऊन मॉर्फीने त्याच्या जागी दुसरा आणला आणि सतराव्या खेळीला त्याच पट्टीवर मात केली.

बाजू निवडताना आधी प्यादी पाहावीत. राजाच्या बाजूला तीन प्यादी जागेवर असतील तर आडोसा पक्का असतो. वजिराच्या बाजूला राजा कडेपासून दूर राहतो, कडेचे प्यादे उघडे पडते आणि बहुधा राजाला आणखी एक घर सरकवण्यात खेळी जाते. दोघांनी विरुद्ध बाजूंना किल्लेकोट केला, की स्वतःच्या राजापुढची प्यादी न हलवता प्रतिपक्षाच्या राजावर प्यादी सोडता येतात. सिसिलियन बचावाच्या ड्रॅगन प्रकारात मग कोणाचा हल्ला आधी पोहोचतो यावरच डाव ठरतो. मध्य प्याद्यांनी बंद असेल तर घाई नको. राजा कुठे जाणार हे गुलदस्त्यात ठेवल्याने प्रतिपक्षालाही हल्ल्याची दिशा ठरवता येत नाही.

वजीर पटावरून गेले, की हिशेबच बदलतो. बर्लिन बचावाच्या मुख्य मार्गात आठव्या खेळीला पांढरा वजीर काळ्या वजिराला मारतो. त्याला काळ्याचा राजाच मारतो आणि किल्लेकोटाचा हक्क कायमचा गमावतो. २००० साली लंडनमधील जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिकने हाच मार्ग कास्पारोव्हपुढे ठेवला. दोन उंटांची जोडी हाती, राजाला मात देणारा वजीर समोर नाही आणि शेवटच्या टप्प्यात मध्यातला राजा कामाचा. कास्पारोव्हला त्या लढतीत एकही डाव जिंकता आला नाही, जगज्जेतेपदही गेले.

पुढे याच क्रामनिकने किल्लेकोटावर बंदी असलेले बुद्धिबळ सुचवले. किल्लेकोटामुळे राजे लवकर सुरक्षित होतात आणि खेळ निरस बनतो, असे त्याचे म्हणणे. डॉर्टमुंड येथे २०२१ मध्ये या नियमाने झालेली चार डावांची लढत विश्वनाथन आनंदने क्रामनिकविरुद्ध २.५–१.५ अशी जिंकली.